निल्स फॉस्समची मोजणी

गुरुवारी सकाळी साडेदहाला पाळक एकर्न यांनी चर्चच्या वेदीमागच्या खोलीतलं कपाट उघडलं, तेव्हा आत तीनऐवजी दोनच वह्या होत्या.

त्यांनी लगेच टोरवाल्ड स्कारला फोन लावला. आमच्याकडे एका तारेवर अकरा घरं. घंटी एकाच्या घरी वाजली, तरी फोन अकराजण उचलतात.

"टोरवाल्ड, दफनाची वही गेली."

"गेली म्हणजे?"

"काल रात्री सभा संपली तेव्हा होती. आज नाही. आणि मला वाटतं..."

"पाळकसाहेब, पुढचं फोनवर नको. मी येतो."

तारेवर कुणीतरी निराश सुस्कारा सोडला.

टोरवाल्ड म्हणजे आमच्या भागातला शेरीफचा मदतनीस. वय अठ्ठेचाळीस, बायको नाही, पोटात आम्लपित्त. त्याचा बाप्तिस्मा याच सोरदाल मंडळीत, म्हणजे याच चर्चच्या लोकांत झालेला. इथल्या गुन्ह्याचा तपास म्हणजे आपल्याच पाहुण्यारावळ्यांची झडती. त्यातून आमची माणसं अशी, की खोटं कुणी बोलत नाही, पण तोंड उघडेल तर शपथ. विचारलं की म्हणतात, "हं, असेल." आणि कपात कॉफी ओततात.

प्रकरण बुधवारच्या सभेतून सुरू झालं होतं. येत्या रविवारी मंडळीला पंचाहत्तर वर्षं पुरी होत होती आणि सोमवारी सकाळी सातला चर्चच्या उत्तरेच्या पट्टीत नव्या सभागृहाचा पाया खोदायचा होता. तिथे नुसतं गवत. एक दगड नाही, एक क्रूस नाही. ठराव मांडला, हात वर झाले, आणि तेवढ्यात त्र्याऐंशी वर्षांची बेरिट लुंडे काठी टेकत उभी राहिली.

"तिथे माझी मुलगी आहे," ती म्हणाली.

साठ वर्षांत बेरिटमावशी सभेत पहिल्यांदा बोलली होती.

१८९३ च्या जानेवारीत तिला मृत मूल झालं होतं. बाप्तिस्मा झालेला नाही म्हणून दफनभूमीच्या कुंपणाच्या आत जागा नाही. अशी मुलं उत्तरेच्या पट्टीत ठेवायची, असा तेव्हाचा नियम.

"पुरावा काय?" बांधकाम समितीचा अध्यक्ष ह्यालमार ओसेन म्हणाला.

"वहीत बघा. घंटेवाला निल्स सगळं लिहून ठेवायचा."

मग ठरलं. शनिवारी कॉलेजातले निवृत्त प्राध्यापक येऊन जुन्या लिपीतली वही वाचतील. वहीत मूल निघालं तर खोदायचं यंत्र थांबेल. नाही निघालं, तर सोमवारी सात.

आता वहीच नव्हती, म्हणजे सोमवारी सात.

टोरवाल्डनं कुलूप बघितलं. फोडलेलं नव्हतं. किल्ल्या तीनच होत्या. एक पाळकांकडे, एक ह्यालमारकडे, एक सिग्ने फॉस्समकडे. सिग्नेबाई म्हणजे त्याच घंटेवाल्या निल्सची मुलगी. वय सहासष्ट, बिनलग्नाची, अंगानं एवढीशी. तीस वर्षं चर्चची पायपेटी वाजवते, झाडलोट करते आणि फुलं लावते.

"वही ओळखू कशी आली चोराला?" टोरवाल्डनं विचारलं. "तिन्ही काळ्या, तिन्ही सारख्या. वर नावसुद्धा नाही."

पाळक एकर्न तीस वर्षांचे, सेमिनरीतून येऊन वर्षही झालं नव्हतं. ते लाजले. "खरं सांगू? मलाही ओळखू आली नाही. काल सभेनंतर मी तिन्ही टेबलावर काढल्या. ते जुनं काटेरी अक्षर! एक ओळ लागेना. मग हाताला येतील तशा परत ठेवून दिल्या."

"मग दफनाचीच गेली हे कशावरून?"

"आज सकाळी सिग्नेबाई झाडायला आल्या होत्या. त्यांनी उरलेल्या दोन वाचून सांगितल्या. एक बाप्तिस्म्याची, एक लग्नांची."

टोरवाल्डनं हे टिपून घेतलं खरं, पण तेव्हा त्याचं लक्ष दुसरीकडेच होतं. वही नाहीशी झाल्यानं फायदा कुणाचा? ह्यालमारचा. सरळ हिशेब होता.

*

ह्यालमार ओसेन यंत्राच्या शेडसमोर ट्रॅक्टरखाली आडवा पडलेला सापडला. दोघं शाळेत एका बाकावर बसलेले.

"वही घेतलीस का?"

"कसली वही?"

"ह्यालमार, अकरा घरांना माहीत आहे. तुला नाही?"

ह्यालमार बाहेर सरकला. हात पुसले. "मी घेतली असती तर आता इथे बसून तुला कॉफी विचारली असती का?"

"तू अजून विचारलेली नाहीस."

"कॉफी घेतोस?"

"नको."

"थोडी घे."

"नको म्हटलं ना."

"अर्धा कप."

टोरवाल्ड आत गेला. आमच्याकडे तिसऱ्यांदा नको म्हणणं म्हणजे भांडण. लोणी-साखर लावून गुंडाळलेली लेफ्से, बटाट्याची पातळ पोळी, आली. दोन खाल्ल्याशिवाय उठता येत नाही.

"एवढी घाई कसली तुला?" टोरवाल्डनं विचारलं. "आठ दिवस थांबलास तर आभाळ कोसळेल?"

"आठ दिवस? आज ऑक्टोबरची बावीस. एकदा जमीन गोठली की लोखंड. मग एप्रिलपर्यंत कुदळ मारलीस तर कुदळ मोडेल, जमीन नाही. खोदायचं तर आत्ता, नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात. तू काय काल जन्माला आलास?"

"आणि म्हातारीच्या मुलीचं काय?"

ह्यालमारचा चेहरा जरा उतरला. "मी काय राक्षस आहे का? वहीत निघाली असती तर थांबलो असतो. शब्द दिला होता."

"म्हणूनच वही गेली, असं लोक म्हणतात."

"कोण लोक?"

"कुणीच काही म्हणत नाही. तोच तर ताप आहे!"

टोरवाल्डनं शेड धुंडाळली, ट्रकची बैठक उचलून बघितली, घरातलं कपाट उघडायला लावलं. कपाटात ह्यालमारच्या आजोबांच्या पत्रांचा गठ्ठा होता. दोरीसुद्धा सुटलेली नव्हती.

"ही वाचलीस?"

"त्या अक्षरात? कुणाला येतं आता ते? बेरिटमावशीला येतं. सिग्नेबाईंना येतं. बाकी सगळे मातीत गेले." ह्यालमारनं कपाट धाडकन बंद केलं. "झाली झडती? रविवारी माझ्या शेजारी बसू नकोस."

टोरवाल्ड गाडीत बसला आणि त्यानं स्टिअरिंगवर मूठ आपटली. एक दिवस गेला होता. तीन घरची कॉफी पिऊन झाली होती आणि हाती शाळेतला एक मित्र दुखावल्यापलीकडे काही लागलं नव्हतं.

*

शुक्रवारी सकाळी तो बेरिटमावशीकडे गेला. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं.

"सापडली?"

"नाही, मावशी."

"मग कशाला आलास?"

तो खुर्चीत बसला. ती कॉफीला उठली नाही. आमच्या गावात असं घडत नाही. टोरवाल्डला ते कुठल्याही शिवीपेक्षा जास्त लागलं.

"मावशी, मला त्या दिवसाचं सांग."

"काय सांगू? मी तापात होते. नवऱ्यानं, पेडरनं, फळ्यांची पेटी केली, एवढीशी. पाळक ब्योर्नस्टाडांकडे गेला. त्यांनी सांगितलं, बाप्तिस्मा नाही, तर कुंपणाच्या आत जागा नाही. वाईट माणूस नव्हता तो. पुस्तकात होतं ते बोलला. आमच्या अख्ख्या मंडळीला समुद्रापलीकडून इथे आणून उभं केलं त्यानं. तीन आठवड्यांनी बिचारा फुप्फुसाच्या तापानं स्वतःच गेला."

"आणि पेटी?"

"पेडर घसरगाडी जोडून घेऊन गेला. सांजच्या दुधाला परत होता."

"फावडं नेलं होतं?"

"काय माहीत? नाही. फावडं दाराशीच होतं. बर्फात उभं. मला खिडकीतून दिसत होतं."

"तुला जागा कधी सांगितली?"

"वसंतात. मी उठून चालायला लागले तेव्हा. उत्तरेला, म्हणाला. आणखी विचारलं तर म्हणाला, निल्सनं सगळं नीट केलंय. पुन्हा कधी त्यावर बोलला नाही. मी दरवर्षी जाते. कुंपणाशी फुलं ठेवते." तिनं टोरवाल्डकडे बघितलं. "त्या यंत्राला दात असतात ना रे, टोरवाल्डा?"

टोरवाल्डनं विषय बदलत विचारलं, "निल्स माणूस कसा होता?"

"निल्स? बोलायचा कमी. मळणीला सगळ्यांची पोती मोजायला त्यालाच बोलवायचे. डोळे मिटून मोजायचा, कधी एका पोत्याची चूक नाही."

दारातून निघताना टोरवाल्डच्या मनात एक गोष्ट टोचत होती. जानेवारीत जमीन लोखंड. फावडं दाराशी. मग वसंतापर्यंत ती पेटी होती कुठे?

*

दुपारी चर्चमध्ये रविवारच्या गीतांची तालीम होती. टोरवाल्ड मागच्या बाकावर बसला. गाणं ऐकायला नव्हे, चेहरे बघायला. चेहऱ्यांवर अर्थातच काही नव्हतं.

पायपेटीचं मात्र आज काहीतरी बिनसलं होतं. दर कडव्याच्या शेवटी तिचा श्वास सुटे. सूर उतरत उतरत विझून जाई आणि बायका बिनसाथीच्या लटकत राहत. सिग्नेबाई गादीच्या टोकाला सरकून पायांच्या बोटांनी भात्यावर जोर देत होत्या. टोरवाल्डला वाटलं, वडिलांची वही गेली, म्हातारी हादरली असेल.

मग तळघरात कॉफी. ह्यालमार खुर्च्या लावायला आला होता. टोरवाल्डकडे त्यानं पाठ केली होती. वाढणाऱ्या बाईनं अकरा माणसांसाठी बारा कप मांडले.

"ही बघा, फॉस्समची मोजणी!" ह्यालमार ओरडला.

सगळे हसले. आमच्या मंडळीत हा जुना वाक्प्रचार. कुणी एक अंडं जास्त मोजलं, एक खुर्ची जास्त मांडली, की फॉस्समची मोजणी. सिग्नेबाईंनी हातातली किटली खाली ठेवली आणि त्या वर निघून गेल्या.

टोरवाल्डनं हे वाक्य हजारदा ऐकलं होतं. आज पहिल्यांदा त्यानं कप खाली ठेवला.

"ह्यालमार, हे आलं कुठून?"

"मी तुझ्याशी बोलत नाही."

"माफी मागतो. कुठून आलं?"

"एवढंही माहीत नाही? कुणाला पुरताना घंटेचे वयाइतके ठोके. निल्सला धड मोजता यायचं नाही. पाळक ब्योर्नस्टाड एकसष्टाव्या वर्षी गेले, पठ्ठ्यानं बासष्ट ठोके दिले. सगळी मंडळी काळे कपडे घालून उभी आणि हा आपला खेचतोय दोर! माझ्या आजीला एकोणऐंशीच्या जागी ऐंशी. माझे वडील तर मनोऱ्यात चढून भांडले त्याच्याशी. तर म्हणे, माझी मोजणी बरोबर आहे."

"आणखी कुणाचं चुकलं?"

"थोर्स्टेन ब्रेक्के. चव्वेचाळीसचे पंचेचाळीस."

"गुरो म्येल्डे," एक बाई म्हणाली. "आम्ही अजून सांगतो घरात. नव्वद वर्षांची होती, एक्याण्णव वाजवले."

"पाळकांना कधी पुरलं?" टोरवाल्डनं विचारलं. "ते तर फेब्रुवारीत गेले."

"मग एप्रिलात. जमीन सुटल्यावर. हिवाळ्यातले सगळे तोपर्यंत घंटेखालच्या खोलीत थांबायचे. किल्ली निल्सकडे."

टोरवाल्ड बराच वेळ त्या बाराव्या कपाकडे बघत बसला. कुणीतरी त्यात कॉफी ओतली. ती त्यानं चक्क नको न म्हणता प्यायली.

*

शनिवारी सकाळी तो एकटाच दफनभूमीत फिरला. आमच्याकडे सगळे पाय पूर्वेला करून निजतात, म्हणजे मेलेले पुन्हा उठायच्या दिवशी तोंड उगवतीकडे होईल. पाळक तेवढा उलटा, मंडळीकडे तोंड करून, म्हणजे उठल्यावर आपली माणसं त्याला समोर दिसावीत. ब्योर्नस्टाडांच्या दगडापाशी टोरवाल्ड टोपी काढून उभा राहिला. मग त्यानं चौघांना तीन वाजता चर्चमध्ये बोलावलं.

बेरिटमावशी पहिल्या बाकावर बसली. ह्यालमार खांबाला टेकून उभा. पाळकांच्या हातात प्राध्यापकांची तार होती, की वही नाही तर येत नाही. सिग्नेबाई सवयीनं पायपेटीच्या गादीवर.

"सापडली असेल तर दे," ह्यालमार म्हणाला. "भाषण नको."

"भाषण होणारच," टोरवाल्ड म्हणाला. "तीन दिवस मी तुम्हा लोकांची कॉफी प्यालोय. आता तुम्ही ऐका."



"मी पहिल्यांदा चुकलो. फायदा कुणाचा हे बघत बसलो आणि ह्यालमारचं कपाट उघडलं. खरं तर चोराला काय येतं, हे बघायला हवं होतं. पाळकांनी बुधवारी तिन्ही वह्यांचा क्रम बिघडवून ठेवला. त्यानंतर कुणीतरी त्यातली नेमकी एक उचलली. म्हणजे त्या माणसाला जुनं अक्षर वाचता येतं. पाळकांना येत नाही. ह्यालमारला येत नाही. किल्ली असलेल्या तिघांत ते एकालाच येतं."

पाळकांनी हळूच मान वळवली. सिग्नेबाई जमिनीकडे बघत होत्या.

"पण का?" टोरवाल्ड म्हणाला. "ते कळेना. सिग्नेबाईंना सभागृहाशी काय घेणं? मग ह्यालमारनंच मला रस्ता दाखवला. जानेवारीत जमीन लोखंड. म्हणजे पेडर लुंडेनं त्या दिवशी मूल पुरलंच नाही. फावडं घरी ठेवून तो गेला कुठे? जिथे हिवाळ्यातली सगळी माणसं थांबतात तिथे. घंटेखालच्या खोलीत. निल्सकडे. तीन आठवड्यांनी त्याच खोलीत आणखी एक पेटी आली. पाळक ब्योर्नस्टाडांची."

बेरिटमावशीनं काठी घट्ट धरली.

"एप्रिलात पाळकांना पुरलं. एकसष्ट वर्षांचा माणूस, बासष्ट ठोके. आपण साठ वर्षं हसतोय. पण एक गोष्ट कुणी बघितली नाही, मीही नाही. ज्याला मोजता येत नाही तो कधी एक जास्त मोजेल, कधी एक कमी. निल्सचं चार वेळा चुकलेलं मला सापडलं. चारही वेळा एकच जास्त. कमी कधीच नाही. आणि हाच माणूस डोळे मिटून पोती मोजायचा." तो थांबला. "निल्स फॉस्सम कधीच चुकला नाही. दोन माणसं खाली जात होती, तो दोघांसाठी घंटा वाजवत होता."

ह्यालमारच्या तोंडून आवाज फुटला, "म्हणजे माझ्या आजीच्या..."

"हो."



"वही कुठे आहे तेही सांगतो," टोरवाल्ड म्हणाला. "सिग्नेबाई, तीस वर्षं तुमचे पाय भात्यापर्यंत पोचत होते. काल पोचले नाहीत. माणूस सहासष्टाव्या वर्षी उंच होत नाही. बसायची जागा मात्र उंच होऊ शकते."

सिग्नेबाई उठल्या. गादी उचलली. खाली पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेली काळी वही होती.

"पाच," त्या म्हणाल्या. "तुला चार सापडली. पाच आहेत."

"तू?" बेरिटमावशीचा आवाज चिरकला. "तू, सिग्ने? बुधवारपासून मी डोळ्याला डोळा लावला नाही. रोज ते यंत्र दिसतंय मला. तू गुरुवारी माझ्या घरी सूप घेऊन आलीस आणि बोलली नाहीस?"

"तिथे काहीच नाहीये, मावशी. उत्तरेला कुणीच नाही. यंत्रानं कुणालाच..."

"मला कुठे माहीत होतं! साठ वर्षं मी रिकाम्या गवताला फुलं वाहिली!"

सिग्नेबाईंचे खांदे हलायला लागले. "बाबांना शब्द दिला होता, पेडरनंही दिला होता. ते मरताना म्हणाले, कळलं तर लोक पाचही कबरी उकरतील. मुलं पुन्हा बाहेर काढतील. पाळकांची पेटी उघडली म्हणून बाबांना कबर विटाळणारा म्हणतील. उद्या ब्योर्नस्टाडांचा नातू, तोही पाळकच, व्याख्यानाला येतोय. प्राध्यापकांनी वही वाचली असती, तर सगळं त्याच्यासमोर आलं असतं. लोक बाबांना हसतात ते मी सोसलं. त्यांच्यावर थुंकलेलं सोसलं नसतं." त्यांनी डोळे पुसले. "पण तुम्हाला सांगायला हवं होतं. पेडर गेल्यावर तरी सांगायला हवं होतं. चुकले मी."

"वाच," बेरिटमावशी म्हणाली.

सिग्नेबाईंनी पान काढलं. शोधावं लागलं नाही.

"'एप्रिल अठरा. पाळक ब्योर्नस्टाड, वय एकसष्ट. बेरिट व पेडर लुंडे यांची मुलगी, वय नाही. पाळकांच्या उजव्या हातावर. ठोके बासष्ट.'"



"टोपी होती का डोक्यावर?" मावशीनं विचारलं.

"होती. आईनं शिवली होती, पांढरी. मी सहा वर्षांची होते. दोरे मी ओवले."

मावशीनं मान हलवली. मग अचानक ती हसली. रडत रडत हसली. "म्हणजे कुंपणाच्या आत जागा नाही म्हणणाराच तिला कुंपणाच्या आत घेऊन गेला!"

"पाळकसाहेब," टोरवाल्डनं विचारलं, "कबरी उघडायच्या?"

पाळक एकर्न घसा साफ करत होते, तेवढ्यात ह्यालमार बोलला.

"माझ्या आजीची कबर कुणी उघडून तर बघू दे. अकरा पोरं वाढवली तिनं. बाराव्याचं तिला काय ओझं?" त्यानं बाही डोळ्यांवरून फिरवली. "आणि सिग्नेबाई, तो कपांवरचा विनोद..."

"राहू दे," सिग्नेबाई म्हणाल्या.

"उघडायच्या नाहीत," पाळक म्हणाले. "पण पाच प्रार्थना राहिल्यात. त्या उद्या माझ्याकडे लागल्या."

मावशी कुणाचा हात न धरता बाहेर गेली. ब्योर्नस्टाडांच्या दगडासमोर उभी राहिली. टोरवाल्ड मागे चार पावलांवर थांबला, म्हणून त्याला ऐकू आलं.

"सांभाळलंस ना रे, म्हाताऱ्या? आता उठशील तेव्हा तोंड आमच्याकडे आहे तुझं. सगळ्यांना दाखव तिला."

*

रविवारी वर्षाला एक असे पंचाहत्तर ठोके द्यायचे ठरले होते. सगळी मंडळी बाहेर गवतात उभी होती. नातू-पाळक काळ्या झग्यात, बायका टोप्या सावरत. सकाळी पाळक एकर्ननी वेदीवरून सगळं सांगितलं होतं आणि आमच्या माणसांनी त्यावर नेहमीप्रमाणे एक अक्षर उच्चारलं नव्हतं. टोरवाल्डला त्याचा पुन्हा संताप येत होता. निदान एकानं तरी काही म्हणावं!

दोर सिग्नेबाईंच्या हातात होता. ह्यालमार टोरवाल्डच्या शेजारी येऊन उभा राहिला आणि ओठांत मोजू लागला.

त्र्याहत्तर. चौऱ्याहत्तर. पंचाहत्तर.

घंटा थांबली. कुणी हललं नाही. मग ती पुन्हा वाजली. शहात्तर. बेरिटमावशीनं डोळे मिटले. सत्त्याहत्तर. अठ्ठ्याहत्तर. एकोणऐंशी. ऐंशी.

नातू-पाळकांनी भुवया उंचावून ह्यालमारकडे बघितलं.

"चुकली वाटतं मोजणी?"

"नाही," ह्यालमार मोठ्यांदा म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "फॉस्समची मोजणी आहे. बरोबर आहे."